अंबाडीच्या कागदावरची चांदणी

विलायतेहून पत्र आलं तेव्हा होळी होऊन आठ दिवस झाले होते. हिंगोलीत जुन्या छावणीच्या अंगाला मिशनचा एक छोटा दवाखाना होता. त्याच्या ओसरीवर उभं राहून किसनराव मास्तरांनी ते पत्र आधी मनात वाचलं, आणि मग दवाखाना चालवणाऱ्या गोऱ्या मिसबाईंनी सांगितलं म्हणून मोठ्यानं, मराठी करून वाचलं. ऐकायला मिशनच्या उद्योगघरात हातकाम करणाऱ्या सात-आठ बाया होत्या, शाळेच्या पोरी होत्या, आणि खांबाला पाठ लावून चतुराबाई रंगारीण बसली होती.

पत्रात कामाच्या ओळी चारच होत्या. नाताळासाठी पाठवलेली दोनशे कार्डं वेळेवर पोचली. पण पेटी उघडून बघतात तर कागद जागोजाग फुटलेला. हात लावला की तुकडे पडत होते. कुणाला देण्यासारखं एकही कार्ड राहिलं नव्हतं. पुढच्या साली कागद असाच असेल तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.  चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ती आग नुसत्या दोनशे कार्डांची नव्हती. चतुराबाईचा नवरा आणि सासरा दोघं कापडावर ठसे उठवणारे. पासोड्या, जाजमं, लग्नातले रुमाल, सगळं रंगारगल्लीतल्या त्यांच्या पडवीत व्हायचं. सासऱ्याचा काळा रंग तर पार वाशीमपर्यंत नावाजलेला. कापड विरून जाईल पण हा काळा जाणार नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. मग गिरणीचं छापील कापड आलं आणि पाच वर्षांत गल्ली थंड झाली. सासरा गेला, नवरा गेला. मागं उरली लाकडी ठशांनी भरलेली एक पेटी. थोरला दीर दोनदा म्हणाला की सागवान आहे, चुलीत चांगलं जळेल. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा चतुराबाईनं त्याची अशी बिनपाण्यानं केली, की तो पुन्हा तिच्या अंगणात आला नाही.

सन छत्तीसच्या पावसाळ्यात मिसबाई शेजारच्या बाळंतिणीला बघायला गल्लीत आल्या आणि त्यांची नजर त्या पेटीवर गेली. साठेक ठसे त्यांनी एकेक करून हातात घेतले. त्यातली चांदणी त्यांनी खाली ठेवलीच नाही. आठ टोकांची, लग्नाच्या रुमालाच्या कोपऱ्यात उठवायची ती चांदणी. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी सांगितलं, की त्यांच्या देवाचा जन्म झाला तेव्हा आभाळात मोठी चांदणी दिसली होती, म्हणून नाताळात लोक एकमेकांना चांदणीची, दिव्याची, पाखरांची चित्रं काढलेली कार्डं धाडतात. आपल्या बायांनी अशी कार्डं हातानं केली तर विलायतेत ती आवडीनं घेतली जातील आणि दवाखान्याला मदत होईल. चतुराबाईला त्यातलं निम्मं कळलं. पण दहा वर्षांत कुणीतरी आपला ठसा मागायला दारात आलं, एवढं पुरतं कळलं.

ठसे चतुराबाईचे, आणि कागद भिकाबाईचा.

भिकाबाई वारंग्याजवळच्या लमाणांच्या तांड्यावरची, तिशीतली. पटकीच्या साथीत एका आठवड्यात तिची दोन्ही लेकरं गेली. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी आणली. तापानं फणफणलेली भिकाबाई दवाखान्यात आली ती बरी होऊनही राहिली, कारण नवऱ्याच्या घरी आता जागा नव्हती. खुलदाबादकडचा एक कागद करणारा म्हातारा मिसबाईंनी महिनाभर बोलावला होता. उद्योगघरातल्या सगळ्या बायांना त्यानं शिकवलं, पण हात बसला तो एकटीचा. त्यालाही कारण होतं. तांड्यावर बैलांच्या पाठीवरच्या गोण्या अंबाडीच्याच विणायच्या. अंबाडी कुठवर भिजते आणि कधी मऊ येते, हे तिच्या बोटांना आधीपासून माहीत होतं. जुनं तरट आणि अंबाडीचा वाख चुन्यात भिजवायचा, पायांनी तुडवायचा, दगडावर कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. मग हौदातल्या पाण्यात तो लगदा सोडून गवताच्या जाळीवर पातळ थर उचलायचा आणि भिंतीवर थापून वाळवायचा. वाळलेल्या कागदाला खळ लावली की झालं. भिकाबाई शेवटच्या कुटाईत थोडा वाख मुद्दाम लांब ठेवायची. तिच्या कागदात सोनेरी धागे दिसायचे आणि त्यावरून बोट फिरवलं की भिंतीच्या सारवणाचा खरबरीतपणा लागायचा. मिसबाईंना तेच आवडलं.

चतुराबाईला ते मुळीच आवडलं नाही. ठसा म्हणजे काय ते तिनं शाळेच्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: ठसा मनगटानं मारायचा नाही, खांद्यापासून ताकद आणायची, ठेवला की हलवायचा नाही, वरून मुठीचा एकच ठोका द्यायचा. पोरी शिकल्याही. पण या खरबरीत कागदावर चांदणीची आठ टोकं काही केल्या सलग उठत नव्हती. कुठं टोक तुटायचं, कुठं मधलं गोल ठिपक्याठिपक्यांचं व्हायचं. चतुराबाई म्हणायची कागद घोटून गुळगुळीत कर. भिकाबाई म्हणायची घोटणार नाही, बाईंना असाच पाहिजे. दिवसातून चार वेळा दोघींची जुंपायची आणि पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या.

शेवटी चतुराबाईनं आपल्या परीनं तोड काढली. हिरड्याचं पाणी कागदावर कुंचल्यानं फिरवायचं आणि वर हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या हिरव्या खड्याच्या, खळीचा ठसा मारायचा, की काळा उमटतो. हीच सासऱ्याची रीत. तिनं हिराकस दुप्पट घातलं आणि खळ दाट केली. मग मात्र चांदणी उठली ती अशी, की कागदाच्या खळग्याखळग्यांत काळं मखमल भरल्यासारखं दिसावं. कापड असतं तर पुढं कयाधू नदीवर नेऊन धुतलं असतं. कागद काय धुणार? उन्हात वाळवून दोनशे कार्डं पेटीत भरली. जास्तीची थोडी मिसबाईंनी नाताळात गावात वाटायला ठेवली. पेटी आगगाडीनं आणि मग बोटीनं गेली. चतुराबाई दिवाळीभर गल्लीत सांगत होती, की मामंजींचा काळा विलायतेला गेला.

आणि आता हे पत्र.

ती खांबाचा आधार घेऊन उठली. कागदाच्या पडवीत, ओसरीला लागूनच, भिकाबाई हौदावर वाकलेली होती. कोपरापर्यंत हात लगद्यात, पण कान इकडंच.

"कागद फुटणार न्हाई तर काय होईल?" चतुराबाई म्हणाली. आवाज असा, की दवाखान्यातले रोगी उठून बसले. "चांगली अंबाडी गेली तांड्यावर, अन् हौदात पडलं भुस्कट. माझा ठसा काय करंल त्याला?"

हे वाक्य तिनं त्याआधी कधी मनातही आणलं नव्हतं. रागाच्या झटक्यात ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर तिलाच ते खरं वाटायला लागलं.

भिकाबाई सरळ झाली. "तुमी पाह्यलं?"

"पाहायला कशाला लागतंय? तांड्याची रीत सगळ्या मुलखाला ठावं हाय."

तांड्यांची नावं गुन्हेगार म्हणून पोलीस ठाण्याच्या वहीत असायची, असे ते दिवस. कुठं बैल हरवला तरी जमादार आधी तांड्यावर जायचा. ओसरीवरच्या एकाही बाईला पुरावा विचारावासा वाटला नाही. मिसबाईंनी मास्तरांना विचारलं, की ही काय म्हणते. मास्तरांनी ते इंग्रजीत थोडक्यात आणि स्वच्छ करून सांगितलं. त्यात राग गळून गेला आणि फक्त चोरी उरली. मिसबाईंचा चेहरा उतरला. चौकशी होईपर्यंत भिकाबाईनं कागदाचं काम करू नये, असं त्या म्हणाल्या. भिकाबाई चौकशीला थांबली नाही. तिनं हात धुतले, आपलं गाठोडं घेतलं आणि फाटकातून निघून गेली. जाताना तिनं कुणाकडं पाहिलं नाही. चतुराबाईला त्याचाही राग आला. खरी असती तर भांडली असती, असं ती घरी जाईपर्यंत मनात घोकत राहिली.

पुढं मास्तरांनी हैदराबादहून गिरणीचा गुळगुळीत कागद मागवला. मिशनच्या मोठ्या कचेरीला त्यांनी लेखी कळवलंही, की दोष कुणाचा ते सापडलं आहे आणि बंदोबस्त झाला आहे.

वैशाखात वसमतला चतुराबाईच्या भाचीचं लग्न निघालं. बांगड्या, खण, खोबऱ्याची वाटी असं गाठोडं बांधून ती टेसनात आली. गाडीला अवकाश होता. टेसनमास्तर तिला ओळखत होता. मिसबाईंनी नाताळात कार्ड दिलं तेव्हा ते कुणी केलं हे त्यानं आवर्जून विचारलं होतं. खिडकीतून त्यानं हाक मारली आणि भिंतीकडं बोट केलं. वेळापत्रकाच्या शेजारी ते कार्ड खिळ्यानं ठोकलेलं होतं.

"तुम्हारा तारा तो गिर गया, बाई," तो हसत म्हणाला. "कागज पक्का निकला, तारा कच्चा."

चतुराबाई खिडकीपाशी गेली. कार्डावर दोन चांदण्या उठवलेल्या होत्या, एक मोठी आणि एक लहान. मोठीच्या जागी भोक होतं. भोक तरी कसं? आठ टोकांचं, नीट कोरल्यासारखं, आणि त्यातून मागचा चुना दिसत होता. बाकीचा कागद जसाच्या तसा. सोनेरी धागेसुद्धा ताठ.

तिनं कार्ड मागून घेतलं. टेसनमास्तर नको नको म्हणत असतानाच तिनं त्याचा एक कोपरा दोन्ही हातांत धरून ओढला. फाटेना. दाताखाली धरला, तरी फाटेना. मग तिनं लहान चांदणीला बोटाचं टोक लावलं, नुसतं लावलं. चांदणी जळक्या पापडासारखी मोडली आणि तिच्या लुगड्यावर काळा भुगा पडला.

आता तिला सगळं दिसलं. हिराकस तिखट असतं, लागेल ते खातं. कापडाला तीन पाण्यांनी धुतात ते काही शोभेसाठी नाही. काळा धरून ठेवायचा आणि तिखटपणा नदीत सोडायचा, म्हणून. एका पावसाळ्यात कयाधूला महिनाभर पूर होता आणि न धुतलेली पासोडी तशीच घडी करून ठेवली होती. उलगडली तेव्हा तिच्यातली सगळी काळी फुलं गळून खाली पडली होती. नव्यानं लग्न होऊन आलेल्या चतुराबाईला ते झाडून काढायला लागलं होतं. आणि हे सगळं माहीत असून, केवळ चांदणीची टोकं सलग दिसावीत या हट्टापायी, तिनं हिराकस दुप्पट घातलं होतं. धुता येत नाही हे कळत असताना दुप्पट.

गाडी आली आणि गेली. बाकावर बसलेली चतुराबाई उठली नाही.

राग यायचा तो आलाच, पण त्याला बसायला जागा सापडेना. आधी तिला टेसनमास्तराचा राग आला, हसला म्हणून. मग मिसबाईंचा, की एवढं शिकलेल्या बाईनं विचारू नये, की बाई तू पाहिलंस का? मग मास्तरांचा, की पत्र सगळ्यांसमोर वाचायचं अडलं होतं का? भिकाबाईचा तर फारच, की गप्प काहून राहिली? माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर मी तिथंच शुद्धीवर आले असते. असा सगळ्यांवर राग काढून झाला, आणि उरलं ते कार्ड आणि त्यातलं भोक. ते तिनं पदरात गुंडाळलं आणि घरी आली.

दोन दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. टेसनातलं कार्ड तिच्या पेटीत होतं, गावातली बाकीची कुठं पडली असतील कोण बघतंय, विलायतेतली कार्डं केव्हाच केरात गेली असणार. काळ्याचं नाव शाबूत होतं.

तिसऱ्या दिवशी उद्योगघरातली सुमनबाई दळण घेऊन जाताना दारात टेकली. ती बाजारात वारंग्याच्या माणसांकडून ऐकून आली होती. भिकाबाई भावाच्या घरी, शंकरसिंगाकडं राहत होती. पण मिशनमध्ये चोरी केली ही गोष्ट तिच्या आधी तिथं पोचली होती. भावजय पाणीसुद्धा भरू देत नव्हती, म्हणे. तांड्याची माणसं म्हणत होती, की एका बाईपायी जमादार पुन्हा दारात येईल. अमावास्येला नसाब बसणार होता. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिला ठेवायची की घालवायची, ते त्या दिवशी ठरणार होतं.

"जाईल कुठं आता?" सुमनबाई म्हणाली. "पण केलंय तर भोगावं लागंल."

"कुणी केलंय?" चतुराबाई इतक्या जोरात म्हणाली, की सुमनबाईच्या हातातलं दळण सांडलं. "तुला काय ठावं हाय? पाह्यलंस तू?"

सुमनबाई तिच्याकडं बघतच राहिली. हे तर तिनं हिच्याच तोंडून ऐकलं होतं.

अमावास्येला चतुराबाई सकाळच्या मोटारीनं वारंग्याला उतरली आणि उन्हातून तांड्याच्या वाटेला लागली. वाटेत तिचं स्वतःशी भांडण चाललंच होतं. कशाला जाते? चिठ्ठी धाडली असती. मास्तराला सांगितलं असतं. पण पाय थांबले नाहीत.

लिंबाखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. मधे तांड्याचा मुख्य वसराम नाईक, पांढऱ्या मिशांचा. एका बाजूला शंकरसिंग मान खाली घालून. आणि सावलीच्या बाहेर, उन्हात, भिकाबाई उभी. चतुराबाई दिसली तसा गलका झाला. कुणी म्हणालं हीच ती. कुणी म्हणालं साक्ष द्यायला आली. नाईकानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तिला लांबच बसायला सांगितलं.

"रंगारीणबाई," तो म्हणाला, "आमी ऐकलं, तुमी कापड रंगवता. आता माणसं रंगवाया लागलात?"

माणसं हसली.  एरवी अशा बोलण्याला तिनं सात पिढ्या आठवतील असं उत्तर दिलं असतं. आज तिनं पदरातून कार्ड काढलं आणि उठून नाईकाच्या पुढ्यात टाकलं.

"फाडून पाहा."

नाईकानं कागद ओढून पाहिला. शेजारच्याकडं दिला. त्यानं ओढला. तिसऱ्यानं ओढला. कागद हातोहात फिरला आणि परत आला.

"चोरी झाली न्हाई," चतुराबाई म्हणाली. "अंबाडी पुरी हौदातच गेली. कागद बराबर होता. ठशाचा काळा माझा, अन् तो माझ्याच हातून जास्ती तिखट झाला. त्यानं कागद खाल्ला. ही त्या दिवशी मला इचारत होती, तुमी पाह्यलं का म्हणून. मी पाह्यलं नव्हतं. मी नुसतं बोलले."

 शंकरसिंगानं मान वर केली. मग पंचांची आपसांत त्यांच्या बोलीत कुजबूज झाली आणि नाईक भिकाबाईकडं वळला. खोटा आळ घेणाऱ्यानं दंड द्यायचा, अशी नसाबची रीत. काय दंड घ्यायचा, ते तिनं सांगावं.

भिकाबाईनं चतुराबाईकडं पाहिलंच नाही. बोलली ती नाईकाशी.

"दंड नको. इथं बोलणं सोपं हाय, नायक. इथं तिला कोण वळखतं? तिला सांगा, जिथं मला चोर म्हणली तिथं हे म्हण. तेवढ्याच बायांपुढं. तेवढ्याच आवाजात."

चतुराबाई परत निघाली तेव्हा तिला तांड्यावर कुणी पाणी विचारलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. मोटारीत ती खिडकीच्या दांडीला घट्ट धरून बसली. तेवढ्याच आवाजात, म्हणे. मनात आलं, ही कोण मला सांगणार? आणि लगेच मनातच उत्तर मिळालं, की तिनं नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी मास्तर भेटले. तिनं त्यांना कार्ड दाखवलं. मास्तर शहाणे माणूस. त्यांना भोक पाहूनच सगळं समजलं. त्यांनी तिला झाडाच्या आडोशाला नेलं. शांतपणे समजावलं, की मोठ्या कचेरीला लेखी गेलं आहे. आता उलट लिहायचं तर मिसबाईंची शोभा होईल. गिरणीचा कागद आला आहे, काम चालू आहे. आणि तुमच्याच काळ्याचं नाव बुडेल, चतुराबाई. मग कार्डं तरी तुमच्याकडून कोण करून घेईल? ती बाई काय, मिसबाई दुसरीकडं कुठंतरी तिची सोय लावतील.

ही प्रत्येक गोष्ट चतुराबाईनं त्या दोन दिवसांत स्वतःला सांगून पाहिली होती. मास्तरांच्या तोंडून ती ऐकताना मात्र तिला त्या बोलण्यातला सगळा ओंगळपणा दिसला, आणि इतके दिवस जागा शोधणारा राग एकदाचा जागेवर, तिच्या स्वतःवरच, बसला.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या दिवशी माझं बोलणं तुमी इंग्रजीत केलं. आजचंही करा. अन् काही गाळू नका."

ओसरीवर त्याच बाया होत्या. शाळेच्या पोरी गिरणीच्या कागदावर ठसे उठवत बसल्या होत्या. गुळगुळीत कागदावर रंग निसटून चांदण्या माशांसारख्या लांबट पसरत होत्या. मिसबाई औषधांच्या कपाटापाशी होत्या. चतुराबाई खांबापाशी बसली नाही. ती मधोमध उभी राहिली आणि त्या दिवशी जितक्या मोठ्यानं बोलली होती, तितक्याच मोठ्यानं बोलली. चोरी झाली नव्हती. भिकाबाईच्या कागदात खोट नव्हती. खोट माझ्या काळ्यात होती, आणि ती मला कळायला पाहिजे होती, कारण हे काम मी तीस वर्षं केलं आहे. माझं नाव जाऊ नये म्हणून मी दुसरीचं घालवलं.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. सुमनबाईनं डोळे खाली केले. मास्तर वाक्यावाक्याला इंग्रजी करत होते, आणि या वेळी त्यांनी काही गाळलं नाही.  मिसबाई खुर्चीवर बसल्या.

पुढं बसलेली सर्वांत लहान पोरगी हातातला ठसा तसाच धरून म्हणाली, "म्हणजे आजी, तुमी खोटं बोलल्या?"

त्या पोरीला ठसा धरायला चतुराबाईनंच शिकवलं होतं. तिच्याजवळ आडवळणाचं उत्तर देणं जमण्यासारखं नव्हतं.

"व्हय," चतुराबाई म्हणाली. "खोटं बोलले."

त्याच आठवड्यात मिसबाईंनी मोठ्या कचेरीला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं आणि छकडा करून स्वतः तांड्यावर गेल्या. तिथं काय बोलणं झालं, ते कुणाला कळलं नाही. भिकाबाई लगेच आली नाही. पेरण्या उरकल्यावर, नागपंचमीच्या सुमारास, शंकरसिंग तिला फाटकापर्यंत सोडून गेला. आल्या आल्या तिनं गिरणीच्या कागदाचे गठ्ठे पडवीतून बाहेर काढले, हौद रिकामा करून घासला आणि अंबाडी भिजत घातली.

ती सगळ्यांशी बोलायची. चतुराबाईशी बोलायची नाही. काम मात्र दोघींचं एकमेकींवाचून अडायचं. म्हणून पोरींना मधे घालून निरोप चालायचे, आणि पोरींना तो खेळच झाला. चतुराबाईनं हिराकस बाजूला ठेवलं. तिळाच्या तेलाच्या दिव्याचं काजळ धरून ते डिंकात खलून पाहिलं. ते फिकं उठायचं, राखाडी. चांदणीची टोकं पुन्हा तुटायला लागली. चतुराबाई दातओठ खायची, खल आपटायची, पण काजळात दुसरं काही मिसळायची नाही. पहिली दहा कार्डं भिकाबाईनं ठेवून घेतली. ओली करून पाहिली, घडी घालून पाहिली, दोन तर पत्र्यावर भर उन्हात महिनाभर ठेवली. सासऱ्याच्या हाताखाली तयार झालेल्या बाईचा रंग तांड्यावरची बाई असा पारखून घेते, याचा चतुराबाईला किती संताप यायचा ते तिच्या कपाळावरच्या शिरेला माहीत. पण ती महिनाभर थांबली, आणि कागद कुठंच फुटला नाही.

घट बसले त्या दिवशी सकाळी नाताळाच्या कार्डांसाठीच्या कागदाचा पहिला थर भिंतीवर होता. चतुराबाई ठसे पुसून, काजळ खलून, बाही वर करून तयार बसली होती. ऊन वर आलं. भिकाबाईनं भिंतीवरच्या कागदाला उलट्या हातानं स्पर्श केला, मग शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या पोरीला म्हणाली, "त्या बाईला सांग, वाळला न्हाई अजून. थांब म्हणावं."

पोरीनं निरोप दिला. चतुराबाईच्या ओठांवर चांगलं सणसणीत काहीतरी आलं होतं. तिनं ते गिळलं, ठशांवर फडकं टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.